नवीन ऑनलाइन फँटसी गेमबद्दल प्रश्न विचारताय? या चुका टाळा

नवीन ऑनलाइन फँटसी गेमचा (क्रिकेट टीम लावायचा नाही, तलवार-ड्रॅगनवाला) ट्रेलर आला की आपल्या जळगाव-भुसावळ-धुळ्याच्या पोरांचे मेसेज सुरू होतात, आणि डेव्हलपर लोकांचं प्रश्नोत्तरांचं लाइव्हस्ट्रीम असलं की सगळ्यांचे प्रश्न गोळा करून इंग्रजीत टाकायचं काम माझ्याकडे असतं. मनापासून करतो मी ते. पण दर वेळी त्याच चुका बघून आता वैताग आलाय, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे 'आहे का' वाला प्रश्न. पीव्हीपी (खेळाडूने खेळाडूशी लढणं) आहे का, क्राफ्टिंग (स्वतः वस्तू बनवणं) आहे का, घर बांधता येतं का, ड्रॅगनवर बसता येतं का. समोरचा म्हणतो 'हो', आपण खुश, आणि कळलं काय तर काहीच नाही. जळगावच्या सराफ बाजारात जाऊन कोणी 'सोनं आहे का' एवढंच विचारून परत येतं का? भाव, कॅरेट, घडणावळ, सगळं विचारतो ना आपण.

२०१६ चं नो मॅन्स स्काय आठवा. फँटसी नाही, अंतराळातला गेम, पण धडा तोच. रिलीजच्या आधी प्रश्न होता की दुसरा खेळाडू भेटू शकतो का, उत्तर साधारण असं की हो, पण जग इतकं मोठं आहे की शक्यता फार कमी. गेम आला आणि पहिल्याच दिवशी दोन खेळाडू ठरवून एकाच ग्रहावर एकाच जागी जाऊन उभे राहिले, तर दोघांना एकमेक दिसेनात. एकमेकांना दिसणारा खरा मल्टिप्लेअर २०१८ च्या 'नेक्स्ट' नावाच्या अपडेटमध्ये आला. 'एकाच जागी उभे राहिलो तर तो मला दिसेल का, बोलता येईल का, सोबत लढता येईल का' असं कोणी नीट विचारलं असतं तर दोन वर्षांचा मनस्ताप वाचला असता.

आपल्याकडचाच किस्सा सांगतो, गेमचं नाव नको. भुसावळचा एक पोरगा, चांगला खेळणारा, त्याला ओपन वर्ल्ड, म्हणजे खुल्या जगात कुठेही होणाऱ्या पीव्हीपीचं भारी वेड. त्याला म्हटलं होतं की पीव्हीपी आहे का हे नको विचारू, मेल्यावर अंगावरचं आणि बॅगेतलं काय जातं ते विचार. तो म्हणे एवढं खोलात कशाला भो, हो म्हणाले ना ते, बस. त्याने गिल्ड (खेळाडूंची टोळी) काढली, मित्रांना फाउंडर पॅक (रिलीजआधीच पैसे भरून घ्यायचा संच) घ्यायला लावले, आणि गेम सुरू झाला त्या संध्याकाळी सगळे मिळून लोखंड आणि लाकूड जमवत बसले. मग शहरात माल विकायला निघाले, लांबचा सुरक्षित रस्ता सोडून जंगलातल्या शॉर्टकटने, आणि पुलाजवळ दुसऱ्या गिल्डने घेरलं. त्या गेममध्ये फुल लूट होती, म्हणजे मेलात की अंगावरचं, बॅगेतलं, सगळं खाली पडतं आणि मारणारा उचलून नेतो. रात्री मला मेसेज आला, "भो, कुऱ्हाड पण नेली." ज्या मित्रांनी त्याच्या शब्दावर पैसे भरले होते त्यातल्या काहींनी सकाळीच गेम डिलीट केला. गेमवाल्यांनी खोटं काही सांगितलं नव्हतं. पीव्हीपी होतंच.

आता हे तीन गेम बघा, पीव्हीपी तिन्ही ठिकाणी आहे पण हरल्यावरची गोष्ट पार वेगळी. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये दुसऱ्या खेळाडूने मारलं तर तुमचं सामान तुमच्याकडेच राहतं. ओल्ड स्कूल रूनस्केपमध्ये साधारणपणे सगळ्यात महागाच्या तीन वस्तू तुमच्याजवळ राहतात, बाकीचं जाऊ शकतं. अल्बियन ऑनलाइनमध्ये झोनच्या रंगावर आहे, पिवळ्या झोनमध्ये दुसऱ्याने पाडलं तरी जीव आणि सामान वाचतं, लाल आणि काळ्या झोनमध्ये मात्र फुल लूट. म्हणून माझी सवय अशी की प्रश्नात 'मी' घालायचा आणि एक प्रसंग घालायचा. मी रात्री एकटा खाणीतून येतोय, तिघांनी मारलं, तर माझं काय काय जाईल आणि ते परत कमवायला किती वेळ लागेल? याला नुसतं 'हो' म्हणून सुटता येत नाही. क्राफ्टिंगचंही तसंच, क्राफ्टिंग आहे का यापेक्षा मी बनवलेली तलवार शेवटच्या लेव्हलला कोणी विकत घेईल का की बॉसला (मोठ्या राक्षसाला) मारून फुकट त्याहून भारी मिळते, हे विचारा. बॉसकडून भारी मिळत असेल तर लोहार होऊन उपयोग नाही.

दुसरी माझी डोकेदुखी म्हणजे 'एशिया सर्व्हर (गेम चालवणारा कंपनीचा कॉम्प्युटर) आहे का'. अरे एशिया केवढा आहे! सर्व्हर मुंबईत असेल तर आपल्याला सोन्याहून पिवळं, सिंगापूरला असेल तर पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदात) साधारण ६० ते ९० च्या घरात, चालतं, आणि टोकियो किंवा सोलला असेल तर सव्वाशेच्या पुढे जाऊ शकतं. शहराचं नाव विचारा, खंडाचं नको. आणि पिंग दुपारी बघून खुश होऊ नका, रात्री नऊ-दहाला अख्खी गल्ली व्हिडिओ बघत असते तेव्हा बघा, वायफायवर नाही तर केबल लावून.

याला जोडून एक गोष्ट नेहमी राहते, ती म्हणजे लढाईची पद्धत. टॅब टार्गेटवाला (शत्रू एकदा निवडला की नेम धरावा लागत नाही असा) गेम असेल तर जास्त पिंगमध्येही निभावून जातं, कारण दोन वारांच्या मध्ये तसाही वेळ असतो, फायनल फँटसी १४ मध्ये तो मुळात २.५ सेकंदांचा आहे. पण स्वतः नेम धरायचा, ऐन वेळी उडी मारून वार चुकवायचा असला गेम असेल तर दीडशे पिंगवर राक्षसाची गदा तुम्हाला दिसायच्या आधीच डोक्यात बसलेली असते. मग पोरं म्हणतात गेम बेकार आहे. म्हणून सर्व्हरचा आणि लढाईचा प्रश्न मी कायम जोडीने पाठवतो.

बाकीच्या पटापट सांगतो.

बेस्ट क्लास (पात्राचा प्रकार) कोणता, हे बीटाच्या (रिलीजआधीच्या चाचणीच्या) आधी विचारू नका, आकडे बदलतच राहतात. हीलरला (सोबत्यांना बरं करणाऱ्या पात्राला) एकट्याने क्वेस्ट (गेममधल्या कामगिऱ्या) करताना किती त्रास होतो हे विचारलं तर कामाचं काहीतरी कळेल.

अल्फा-बीटामधलं कॅरेक्टर बहुतेक वेळा पुसलं जातं, वाइप म्हणतात त्याला. कधी होणार ते आधी विचारा, मग रात्री जागा.

'पे टू विन (पैसे भरेल तो जिंकेल) आहे का' याला कुठलीच कंपनी हो म्हणणार नाही. खऱ्या पैशात घेतलेली वस्तू गेममधल्या नाण्यांना विकता येते का, असं विचारा. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये २०१५ पासून टोकन आहे, पैसे देऊन घ्यायचं आणि सोन्याला विकायचं. ते चालतं की नाही हे मग तुमचं तुम्ही ठरवा, मला स्वतःला ते पटत नाही.

गेमवाले जाहीर करतात ती वेळ. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळी ११ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे ११:३०, आणि त्यांचं घड्याळ मागे गेलं की आपले १२:३०, म्हणजे तारीखही बदलते. दर हिवाळ्यात कोणीतरी चुकीच्या दिवशी जागत बसतं.

मिनिमम रिक्वायरमेंट (गेम चालायला किमान कसा कॉम्प्युटर लागतो ते) बघून लॅपटॉप चालेल म्हणू नका. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ ला टेकतो, तेव्हा गरम झालेला प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. कूलिंग पॅड घ्या, पंख्यातली धूळ काढा.

आणि फाउंडर पॅक. इथे मी कडक बोलतो कारण पोरांचे पैसे आईवडिलांच्या घामाचे असतात. स्टीमवर (गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात) घेतलं तर १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर सहसा रिफंड मिळतो, पण कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून घेतलेल्या पॅकला तो नियम लागत नाही, त्यांचे नियम वेगळे. 'सगळे फीचर कन्फर्म' असले दहा मिनिटांचे व्हिडिओ बघून यूपीआय करणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो, थांबा. मी वहीत तीन रकाने करतो: तोंडी सांगितलं, खेळून दाखवलं, आपल्या हातात आलं. तिसऱ्या रकान्यात मला हवं ते फीचर येईपर्यंत माझा एक रुपया जात नाही. फायनल फँटसी १४ पहिल्यांदा २०१० ला आला तेव्हा इतका फसला की २०१२ ला बंद करून २०१३ ला नव्याने आणावा लागला, आणि आज तो नावाजलेला आहे. थांबणाऱ्याचं काही नुकसान झालं नाही.

तर पुढच्या लाइव्हस्ट्रीमसाठी प्रश्न पाठवताना आधीची उत्तरं एकदा वाचून घ्या, अर्धे प्रश्न तिथेच मिटतात. एका माणसाचा एकच प्रश्न, प्रसंगासकट, मराठीत, अहिराणीत, कसाही लिहा, इंग्रजी मी करतो. 'रिलीज कधी' हा प्रश्न मी पाठवणार नाही, ठरलं की ते स्वतःच सांगतील.