वेल्डिंगच्या धुराचा परिणाम रक्तातल्या जनुकांवरून कसा तपासावा

साकीनाका, कुर्ल्याच्या गाळ्यांत पत्र्याखाली दिवसभर वेल्डिंग चालतं. त्या धुराला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं २०१७ मध्ये कर्करोगकारक घटकांच्या पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा असलेल्यांत, टाकलं. धूर छातीत गेला की रक्तातल्या पेशींत दाहाशी संबंधित जनुकांचं काम कमी-जास्त होतं. जनुक कामाला लागलं की पेशीत त्याची नक्कल तयार होते, तिला आरएनए म्हणतात; तो मोजून हा फरक कळतो.

आधी नीतिमत्ता समितीची परवानगी घ्या. संमतिपत्र मराठी, हिंदी, ज्याला जे कळतं त्यात वाचून दाखवा. नावानिशी निकाल शेठच्या हाती जाणार नाही, हे त्यात लिहाच. नाहीतर नोकरी जाईल या भीतीनं कोणी हात पुढे करणार नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

पहिला नमुना साप्ताहिक सुट्टीनंतर, वेल्डिंगचा होल्डर हातात घेण्याआधी. दुसरा त्याच दिवशी पाळी सुटताना. माणसामाणसांत इतका फरक असतो की प्रत्येकाची तुलना त्याच्याच सकाळच्या रक्ताशी करावी लागते. जनुकांचं काम दिवसाच्या वेळेनुसारही बदलतं, म्हणून धुरापासून लांब काम करणाऱ्या काही जणांचं रक्तही त्याच वेळांना घ्या. विडी-सिगारेट, सर्दी-ताप, औषधं यांची नोंद हवीच. बॉयलरच्या कामात वेल्डिंग करणाऱ्या कामगारांवरच्या २००५ च्या अमेरिकी अभ्यासात जनुकांतले बहुतेक बदल धूम्रपान न करणाऱ्यांतच दिसले होते.

खरी मेख रक्त घेण्याच्या नळीत आहे. साध्या नळीत आरएनए काही तासांतच बदलू लागतो. तो आहे तसा टिकवणारी खास नळी मिळते, तीच वापरा: २.५ मिली रक्त, लगेच ८-१० वेळा अलगद उलटसुलट, मग २ तास १८ ते २५ अंशांत उभी. मे महिन्यात गाळ्यात २५ अंश कुठून आणणार? जवळच्या दवाखान्यातली एसी खोली आधीच ठरवून ठेवा.

त्याच पाळीत कमरेला पंप आणि कॉलरला फिल्टर लावून श्वासावाटे आत जाणाऱ्या हवेतला धूर आणि धातू मोजा. ही नोंद नसेल, तर रक्तातला बदल धुरामुळेच झाला असं म्हणता येणार नाही. सायनची केंद्रीय श्रम संस्था याच क्षेत्रात काम करते, तिथं चौकशी करा.

निकाल गटाचा वाचा. एकट्यादुकट्याला 'तू आजारी आहेस' असं या चाचणीवरून सांगता येत नाही, आणि कोणाला कामावरून काढायला तर ती मुळीच वापरू नये. हवेत धातू जास्त तिथं रक्तातले बदलही जास्त, असं दिसलं तर धूर उठतो तिथूनच ओढून घेणारा एक्झॉस्ट बसवा आणि काही आठवड्यांनी त्याच माणसांचे नमुने त्याच वेळांना पुन्हा घ्या.