गेको खात नाही? खानदेशातल्या उन्हाळ्यात या चुका टाळा

मार्चच्या शेवटी खारीकने खाणं सोडलं. खारीक म्हणजे आमची क्रेस्टेड गेको, हौसेने पाळतात ती परदेशी पाल, वजन 38 ग्रॅम, रंग नावाप्रमाणे. रात्री वाटी भरायची, सकाळी ती तशीच्या तशी. तिचं खाणं म्हणजे पाण्यात कालवायची तयार पावडर; मी तिची कंपनी बदलली, चव बदलली, शेवटी केळं कुस्करून ठेवलं. केळं तिने चाटूनपुसून खाल्लं. मला वाटलं, सुटलो. ते निस्तरायला पुढचे दोन महिने गेले. आमची आजी पारोळ्याची, तिचं म्हणणं वेगळंच होतं: "घरमा इतल्या पाली शेतस, मंग आखो इकत कसाले लयनी?"

जळगाव, भुसावळ, धुळ्याकडे आता हे प्राणी पाळणारे बरेच दिसतात आणि सगळ्यांची तक्रार एकच असते: आमची फार नखरेल आहे हो. माझ्या अनुभवात नखरे क्वचितच असतात. बहुतेक वेळा खोली तापलेली असते, नाहीतर आपणच तिला गोडाची चटक लावलेली असते.

वाटीकडे बघण्याआधी थर्मामीटर बघा

हा प्राणी न्यू कॅलेडोनियाचा, ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला समुद्रातल्या बेटावरचा. नामशेष झाला असं धरून चालले होते, 1994 मध्ये तो परत सापडला. दमट, सावलीतलं जंगल ही त्याची सवय. त्याला 22 ते 26 अंश मानवतात. 28 च्या वर गेलं की भूक मंदावते, आणखी वर गेलं की जिवावर बेततं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये बाहेर 44 असतं आणि रात्री दहालाही भिंतींतून धग येत असते. मी थर्मामीटर आणून पिंजऱ्यात लावला तेव्हा रात्री साडेदहाला 32 दिसले. त्या गरमीत मला स्वतःला भाकरी नको झाली होती, तिला कुठून भूक लागणार?

दोन गोष्टींनी फरक पडला. पिंजरा गच्चीखालच्या खोलीतून तळमजल्यावर उत्तरेच्या खोलीत आणला आणि कूलर चालू केला. आपली हवा उन्हाळ्यात कोरडी असल्यामुळे कूलर नीट थंड करतो आणि वर ओलावाही देतो. क्रेस्टेडला 60 ते 80 टक्के आर्द्रता लागते, त्यामुळे हा दुहेरी फायदा. फक्त समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर खोली नुसती कोंदट होते. आणि झोत थेट पिंजऱ्यावर नको. ऐन मेमध्ये मात्र कूलरनेही माझी खोली 29-30 च्या खाली येईना, तेव्हा दुपारी एसी लावावा लागला. एसी हवा कोरडी करतो, म्हणून संध्याकाळी पाण्याचा फवारा. लाइट गेली तर गोठवलेली पाण्याची बाटली टॉवेलमध्ये गुंडाळून पिंजऱ्याच्या जाळीवर ठेवायची. एसीचा खर्च झेपणार नसेल तर खानदेशात क्रेस्टेड आणू नये, असं मी आता सरळ सांगतो.

केळीच्या जिल्ह्यातली चूक

जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते माणसांसाठी. 100 ग्रॅम केळ्यात कॅल्शियम साधारण 5 मिलिग्रॅम आणि फॉस्फरस 22. गेकोच्या आहारात प्रमाण याच्या उलटं लागतं, फॉस्फरसच्या दीड-दोन पट कॅल्शियम. फॉस्फरस जास्त झाला की कॅल्शियम अंगी लागत नाही, मग शरीर ते हाडांतून काढून घेतं. शिवाय केळं एवढं गोड की त्यानंतर पावडर बेचव लागते. खारीक केळ्यावर पाच आठवडे होती. वजन घटलं नाही, म्हणून मी निवांत राहिलो. घोटाळा इथेच होतो.

परत वळवायला पपई कामी आली. शहाद्याकडची पपई आपल्या बाजारात भरपूर असते. तिच्यात कॅल्शियम 20 आणि फॉस्फरस 10 मिलिग्रॅम, म्हणजे हवं तसं प्रमाण. पहिल्या आठवड्यात निम्मी पपई, निम्मी कालवलेली पावडर. दर तीन-चार दिवसांनी पपई थोडी कमी. मधे चार रात्री तिने वाटीला तोंड लावलं नाही आणि माझा हात केळ्याकडे जात होता. धडधाकट मोठी गेको पाणी मिळत असेल तर आठवडाभर सहज काढते. पिल्लाच्या बाबतीत मात्र एवढं ताणू नका. एक थेंब नाकाच्या टोकाला लावला की ती जिभेने पुसून घेते आणि चव कळते. तोंड जबरदस्तीने उघडू नका. घाबरली तर शेपूट टाकेल, आणि घरातल्या पालीचं शेपूट परत येतं, तसं तिचं येत नाही.

खाल्लं की नाही, हे कसं कळणार?

मोठी क्रेस्टेड एका रात्रीत पाव चमच्याच्या आसपास खाते. वाटी भरलेलीच दिसते. त्यात आपल्या कोरड्या हवेत मिश्रण सुकून आक्रसतं, म्हणजे न खाताही कमी झालेलं दिसतं. मी बाटलीची दोन सारखी झाकणं घेतो, दोन्हींत सारखंच मिश्रण, एक पिंजऱ्यात उंचावर, फांदीजवळ, कारण ती झाडावरची आहे. दुसरं पिंजऱ्याबाहेर शेजारी. सकाळी दोन्ही ताडून बघायची. खाल्लं असेल तर कडेला जिभेचे बारीक ओरखडे दिसतात. पावडर एक भाग, पाणी दोन भाग, घट्ट कढीइतकं कालवायचं. उन्हाळ्यात ते एका रात्रीत आंबतं, सकाळी फेकायचंच. मुख्य डबा फ्रीजमध्ये.

वजनासाठी स्वयंपाकघरातला काटा चालत नाही, त्याला ग्रॅमच्या आतला फरक कळत नाही. आमच्या सराफ बाजारात सोनं तोलायचा छोटा डिजिटल काटा मिळतो, 0.1 ग्रॅम दाखवणारा. दुकानदाराने विचारलं, काय तोलायचंय? पाल म्हटल्यावर त्याने बिल करायला जरा जास्तच वेळ लावला. दर रविवारी वजन वहीत लिहा.

कॅल्शियमच आहे ना, मग चुना का नको?

हे मला खरोखर विचारलं गेलंय. पानाचा चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, त्याने तोंड भाजतं. आपल्याला लागतं ते कॅल्शियम कार्बोनेट. माणसांच्या गोळ्या कुटून घालणं तेवढंच घातक, कारण त्यातलं डी3 जीवनसत्त्व माणसाच्या वजनाला मोजलेलं असतं. डी3 शरीरात साठतं आणि जास्त झालं की कॅल्शियम नको तिथे, म्हणजे मूत्रपिंडात, रक्तवाहिन्यांत बसतं. आणि चांगल्या तयार पावडरीत कॅल्शियम, डी3 आधीच असतं. त्यावर आणखी भुरभुरू नका. कॅल्शियमची वेगळी पूरक पावडर फक्त खायला द्यायच्या किड्यांना लावायची.

किडे आठवड्यातून एक-दोनदा पुरतात, तिच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठे नकोत. देण्याआधी दिवसभर त्यांना पालेभाजी, गाजर खाऊ घाला. किड्याच्या पोटात जे, ते गेकोच्या पोटात. कपाशीच्या शेतातले नाकतोडे किंवा पहिल्या पावसात ट्यूबलाइटखाली जमणारे किडे फुकटचे म्हणून उचलू नका. कपाशीवर किती फवारण्या होतात ते शेतकऱ्याच्या घरात सांगायला नको.

नुसती वाट कधी बघायची नाही

कात टाकायच्या आधी दोन-तीन दिवस ती खात नाही, अंग फिकट पडतं. टाकलेली कात स्वतःच खाते. नवी आणलेली दोन आठवडे रुसून बसते. यात काळजीचं काही नाही. पण वजन दहा टक्के उतरलं, खालचा जबडा मऊ झाला, तोंड नीट मिटेना, शेपटीला नागमोडी वळण आलं किंवा मागचे पाय थरथरले, तर त्याच दिवशी डॉक्टर. आपल्याकडे बहुतेक डॉक्टर गाय-म्हैस, बकरी, कुत्रा बघणारे. सरपटणारे प्राणी बघणारा डॉक्टर पुण्या-मुंबईत शोधून त्याचा नंबर आजच घेऊन ठेवा. फोन करताना वजनाची वही आणि चालतानाचा व्हिडिओ हाताशी असू द्या.

एक खूण घरीही बघता येते. ती आ करते तेव्हा टाळूच्या दोन्ही बाजूंना दुधी पांढऱ्या पिशव्या दिसतात, कॅल्शियमचा साठा तो. जूनमध्ये खारीक भिंतीवरून माझ्याकडे तोंड वासून फिस्कारली, तेव्हा मोबाइलच्या उजेडात दोन्ही पिशव्या भरलेल्या दिसल्या. त्या दिवशी वजन 37.4 होतं.