फ्लॅटवर्क (जंपशिवायचा सराव) आणि छोट्या जंपसाठी सॅडल कसं निवडायचं: आधी घोड्याची पाठ, मग बाकी सगळं

माझ्या घोडीच्या विदर्सला, म्हणजे मान संपते तिथल्या उंचवट्याला, दोन्ही बाजूंनी रुपयाएवढे पांढरे डाग आहेत. जन्माचे नाहीत. सेकंडहँड सॅडल घेतलं होतं, विकणारा म्हणाला सगळ्या घोड्यांना बसतं, मी विश्वास ठेवला. तंग, म्हणजे सॅडलचा पोटाखालचा पट्टा, आवळताना ती कान मागे टाकायची, वळून चावायला बघायची, आणि सगळे म्हणायचे नखरे करते. नखरे नव्हते हो, आतला ट्री, म्हणजे सॅडलचा सांगाडा, अरुंद होता आणि तिला दुखत होतं. दाबाने कातडीला इजा झाली की तिथे येणारे केस पांढरेच येतात, ते आता तसेच राहणार. म्हणून हे लिहितोय.

प्रकाराचं पटकन सांगतो. ड्रेसाजच्या, म्हणजे नुसत्या चालींच्या कामाच्या, सॅडलचा फ्लॅप (पायाखाली येणारा बाजूचा पट्टा) सरळ खाली येतो, जंपिंगच्या सॅडलचा पुढे झुकलेला असतो कारण जंपला रिकीब (पाय अडकवायची कडी) आखूड करावी लागते आणि गुडघा पुढे येतो. तुम्ही आठवड्यातले चार दिवस फ्लॅटवर्क करून कधीतरी दीड-दोन फुटाच्या काठीवरून जाणार असाल तर जनरल पर्पज, म्हणजे दोन्हीला चालणारं, घ्या, त्यातही फ्लॅप जरा सरळ असलेलं. फक्त रिकीब दोन-तीन भोकं वर घेऊन बसून बघा, गुडघा फ्लॅपच्या बाहेर जायला नको.

आता खरं काम. दुकानात जायच्या आधी घोड्याचं माप घ्या. हार्डवेअरच्या दुकानातून जाड, वाकवल्यावर तशीच राहणारी वायर आणा, घोडा सपाट जमिनीवर सरळ उभा करा, हाताने चाचपून खांद्याचं हाड कुठे संपतं ते शोधा, त्याच्या दोन-तीन बोटं मागे वायर पाठीवरून आडवी दाबून बसवा आणि तोच आकार पुठ्ठ्यावर काढून कापा. वर तारीख टाका. हा पुठ्ठा मीडियम-वाईड वगैरे लेबलपेक्षा जास्त खरं सांगतो, कारण एका कंपनीचं मीडियम दुसरीच्या मीडियमएवढं असेलच असं नाही. रेसमधून रिटायर झालेला थरोब्रेड असेल तर विदर्स बहुतेक उंच असणार, गोल पाठीचा तट्टू असेल तर सगळंच उलट.

सॅडल मिळालं की पहिल्यांदा नुसत्या पाठीवर ठेवा, पॅड नको. थोडं पुढे ठेवून मागे सरकवा, ते आपोआप जिथे अडतं तीच त्याची जागा, खांद्याच्या मागे. विदर्सवर दोन-तीन बोटं मोकळी हवीत आणि तुम्ही वर बसल्यावरसुद्धा हवीत, हे लोक विसरतात. सॅडलखाली कण्यावरून जाणारी मधली नळी पुढून मागपर्यंत साधारण तीन बोटं रुंद, त्यातून उजेड दिसायला हवा. मग हात सपाट करून पॅनलखालून (सॅडलची पाठीला टेकणारी गादी) पुढून मागे न्या, दाब सगळीकडे सारखा लागला पाहिजे. पुढे-मागे टेकलंय आणि मध्ये पोकळ आहे, तर नको. शेवटची बरगडी वर पाठीच्या कण्यापर्यंत चाचपत न्या, सॅडलचं टेकणं तिच्या पुढेच संपायला हवं.

अरुंद सॅडलखाली जाड पॅड घालून भागवू नका, त्याने ते अजूनच आवळतं.

तुमच्या बसण्याची, म्हणजे सीटची, साईझ सोळा ते अठरा इंचात अर्ध्या-अर्ध्याने मिळते. बसल्यावर तुमच्या मागे चार बोटं उरली की ठीक.

सेकंडहँड असेल तर ट्री तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. पुढचा भाग मांडीला टेकवून मागचा काठ आपल्याकडे जोरात ओढा, स्प्रिंग ट्री (लवचिक पट्ट्या असलेला) किंचित लवतो, पण सीट घडी पडल्यासारखी दुमडली किंवा आतून करकर आली तर ते सॅडल तिथेच ठेवा. त्यानंतर वीस-पंचवीस मिनिटं चालवून बघा, पॅडऐवजी खाली पातळ पांढरा कपडा घाला. घामाचा-मळाचा ठसा दोन्ही बाजूंना सारखा यायला हवा, आणि घामेजलेल्या पाठीत मध्येच एखादा कोरडा ठिपका दिसला तर तिथे दाब जास्त पडतोय असं समजून परत तपासा.

आपल्या गोव्याचा पाऊस पण धरा यात. लेदरचं सॅडल जूनमध्ये बंद खोलीत ठेवून चवथीला काढलं तर बुरशीने पांढरं झालेलं असतं, म्हणून कानपूरचं असो की बाहेरचं, दर आठवड्याला पुसून, वारा लागेल असं ठेवावं लागतं. तेवढा वेळ नसेल तर सिंथेटिक घ्या, त्यात कमीपणा काही नाही, आणि काहींमध्ये पुढची गलेट प्लेट (विदर्सवरची धातूची कमान) बदलून रुंदी पण बदलता येते. पॅनलमध्ये लोकर असेल तर ती पहिल्या काही महिन्यांत दबते, परत भरून घ्यावी लागते, त्याचा खर्च आधीच धरा.

पुठ्ठा टाकू नका. पावसात काम बंद असलं की पाठीचे स्नायू उतरतात, आमच्या घोडीचा पावसानंतरचा पुठ्ठा मार्चच्या पुठ्ठ्यावर ठेवला तर विदर्सच्या खाली दोन्ही बाजूंना बोटभर फरक होता.