विज्ञानकथा की अद्भुतकथा? स्पर्धेला पाठवण्याआधी या चुका टाळा

विज्ञानकथा म्हणून हातात येणाऱ्या कथांमध्ये एक प्रकार हमखास असतो. शेवटच्या पानावर भूत निघतं आणि लेखक त्याला ‘अज्ञात ऊर्जा’ म्हणून मोकळा होतो. अशानं भयकथेची विज्ञानकथा होत नाही.

मूळ चूक सामानावरून प्रकार ठरवण्याची. यान आलं, रोबो आला, साल 2150 टाकलं की झाली विज्ञानकथा! त्यातलं विज्ञान काढून बघा. वडिलोपार्जित घरावरून दोन भावांचं मंगळावर चाललेलं भांडण म्हापशातही जसंच्या तसं चालणार असेल, तर ती कौटुंबिक कथाच आहे, फक्त हेल्मेट घातलेली. उलट एकही नवं यंत्र नसताना कथा विज्ञानकथा होऊ शकते.

देवचाराचंच, म्हणजे गावच्या अदृश्य राखणदाराचंच घ्या. आपल्या गोव्यातल्या खाजन शेतीत, म्हणजे खाऱ्या नदीकाठी बांध घालून केलेल्या सखल शेतीत, बांधाला मानस, म्हणजे पाण्याचं दार असते. भरतीच्या दाबानं तिची लाकडी दारं आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबानं उघडतात. बांध राखतो देवचार, त्याला सोरो-रोट (दारू आणि रोटी) द्यायचा, ही गावची श्रद्धा. आता समजा, एका पावसाळ्यात दारं उघडेनाशी झाली. देवचार रागावला होता आणि नवस फेडल्यावर उघडली, तर ती अद्भुतकथा. रात्री दार बघायला गेलेला माणूस परतलाच नाही आणि वाचकाला धडकी भरवणं हाच हेतू असेल, तर भयकथा. पण समुद्राची पातळी इतकी चढली की ओहोटीतही नदी शेतातल्या पाण्याच्या खाली उतरत नाही, तर दार उघडणार कशानं? पाणी तुंबतं, भात कुजतं, आणि पंप बसवायचा की बांध सोडून द्यायचा यावर गाव दुभंगतं. ही विज्ञानकथा. हिच्यात देवचार असायला हरकत नाही, गावकरी रोट देतीलच. फक्त त्यानं दार उघडून लेखकाची सुटका करायची नाही. आणि दोन पात्रं पानभर एकमेकांना भरती-ओहोटी समजावत बसली, तर तो शाळेतला धडा होतो, हेही ध्यानात असू द्या.

दुसऱ्या टोकाचे लोक म्हणतात, विज्ञान अचूक नाही म्हणजे ती विज्ञानकथाच नाही. ज्यूल्स व्हर्ननं 1865 मध्ये माणसं तोफेतून चंद्राकडे सोडली. प्रत्यक्षात त्या धक्क्यानंच त्यांचा चेंदामेंदा झाला असता. एच. जी. वेल्सनं 1901 मध्ये गुरुत्वाकर्षण अडवणारा पदार्थच कल्पिला, आणि व्हर्नला ते मुळीच रुचलं नाही. मला विचाराल तर दोन्ही अस्सल विज्ञानकथा, कारण दोघांनीही एक कारण मांडलं आणि पुढची कथा त्याच्या जोरावर चालवली. एक अशक्य गोष्ट माफ असते. नायक अडकला म्हणून तिसऱ्या प्रकरणात दुसरी काढू नका.

पुष्पक विमान कशावर चालतं, हे रामायणात कुणी विचारत नाही आणि विचारायची गरजही नाही. त्याला विज्ञानकथेत ओढून त्याचा मान काही वाढत नाही.

गोव्यातल्या लेखकांना आणखी एक मोह पडतो: 19 डिसेंबर 1961, म्हणजे पोर्तुगिजांपासून गोवा मुक्त झाल्याचा दिवस, उजाडलाच नसता तर? एवढंच असेल तर तो पर्यायी इतिहास. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्येही मराठे पानिपत जिंकतात, पण तिथे गंगाधरपंत त्या दुसऱ्या जगात पोहोचले कसे, याचा उलगडा पुंजभौतिकीच्या (क्वांटम फिजिक्सच्या) आधारानं केला आहे. तुमच्या पणजीत पोर्तुगीज गव्हर्नर अजून बसलेला असेल, तर असा उलगडा कथेला हवा की नको, ते आधी ठरवा. नको असेल तरी बिघडत नाही, फक्त स्पर्धा वेगळी निवडा.

दोना पावलच्या समुद्रविज्ञान संस्थेत घडते एवढ्यानं बढतीच्या हेव्यादाव्यांची कथा विज्ञानकथा ठरत नाही. दुर्मीळ विषानं केलेला खून ही रहस्यकथा. शास्त्रज्ञानं लिहिली म्हणूनही सूट नाही. नारळीकरांनी 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला कथा पाठवली ती टोपणनावानं, आणि पहिला क्रमांक मिळवला तो कथेच्या बळावर.

राहिली सरमिसळ. मेरी शेलीची 1818 मधली ‘फ्रँकेनस्टाईन’ भयकथाही आहे आणि विज्ञानकथाही. तशी कथा खरोखर जमली असेल, तर एका खणात बसवण्यासाठी ती छाटू नका. भयकथेच्या स्पर्धेतही ती बिनदिक्कत पाठवता येते.