विंडोज ११ टाकताना प्रोजेक्ट अडकतो कुठे? व्हिडिओ एडिटरांनो, या चुका टाळा

विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. तेव्हापासून मला येणाऱ्या फोनमध्ये एक वाक्य हमखास असतं: "अकरा टाकलं आणि आता टाइमलाइनवर सगळं लाल दिसतंय." फोन करणारे बहुतेक जण लग्नाची कामं करणारे एडिटर असतात. आवाजात घाबरल्याचं कळतं, कारण ते फुटेज पुन्हा शूट करता येणार नसतं.

बऱ्याचदा फुटेज जागेवर सुखरूप असतं. प्रोजेक्ट फाइलमध्ये व्हिडिओ नसतोच, त्यात फक्त पत्ते आणि सूचना असतात: ही क्लिप अमुक ड्राइव्हवर आहे, हा फॉन्ट वापर, हा इफेक्ट लाव. नवीन विंडोज टाकली की हे पत्ते बदलतात आणि प्रोजेक्टला काहीच सापडत नाही.

आधी वेळ पाहा

एडिट अर्धवट असताना विंडोज बदलू नका. लग्नाचं काम असेल तर आषाढी एकादशी ते तुळशीचं लग्न हा चातुर्मासाचा काळ सगळ्यांत सोयीचा, कारण तेव्हा मुहूर्त नसतात. मध्ये गणपतीची कामं येतात, पण आठवडाभर मशीन मोकळं ठेवता येतं. घाई वाटत असेल, तर मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरकर्त्यांसाठी विंडोज १०ची वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठेवली आहेत. त्यासाठी नोंदणी करावी लागते.

जुन्यावरच नवीन टाकणं

माझ्या मते ही सगळ्यांत महाग पडणारी चूक. "नाही जमलं तर परत जाऊ," असं म्हणून लोक चालू विंडोजवरच अपग्रेड मारतात. मागे जाण्याची ती सोय साधारण १० दिवसच असते. लग्नाचा व्हिडिओ गिऱ्हाइकाच्या दुरुस्त्यांसह १० दिवसांत कधी संपलाय? अकराव्या दिवशी एखादा प्लगइन (एडिटिंग सॉफ्टवेअरला जोडलेला छोटा प्रोग्रॅम) चालत नाही असं कळलं, तर परतीची वाट बंद झालेली असते.

त्यापेक्षा नवीन एसएसडी (वेगवान डिस्क) घ्या आणि तिच्यावर विंडोज ११ टाका. जुनी एसएसडी जशी आहे तशी काढून, नाव-तारीख लिहून ठेवा. काही अडलं तर ती परत जोडली की कालचं मशीन जसंच्या तसं सुरू होतं. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की आधीच कागदावर लिहून घ्या. आणि विंडोज टाकताना फुटेजच्या सगळ्या डिस्कच्या केबल काढा. दोन-तीन डिस्क जोडलेल्या असल्या, तर बूट होण्यासाठी लागणारं छोटं पार्टिशन इन्स्टॉलर कधी कधी भलत्याच डिस्कवर टाकतो. शिवाय रात्री अकरा वाजता चुकीच्या डिस्कवर फॉरमॅट दाबला जाण्याची भीतीही उरत नाही.

"मीडिया ऑफलाइन" दिसलं तर

टाइमलाइनवरचा लाल रंग म्हणजे हाच संदेश: क्लिप सापडत नाही. लगेच एकेक क्लिप रीलिंक करत, म्हणजे तिचा नवा पत्ता दाखवत, बसू नका. आधी ड्राइव्हची अक्षरं पाहा. काल फुटेज ई ड्राइव्हवर होतं आणि आज तीच डिस्क एफ झाली असेल, तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन तिला पुन्हा ई करा. बहुतेक वेळा प्रोजेक्ट तेवढ्यावरच उघडतो. म्हणून अपग्रेडच्या आधी मोबाइलवर ड्राइव्ह आणि त्यांच्या अक्षरांच्या यादीचा एक फोटो काढून ठेवा.

दुसरं कारण वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टची फाइल ऑनलाइन साठवायची सेवा. विंडोज ११मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स ही फोल्डर वनड्राइव्हखाली जाऊ शकतात, म्हणजे त्यांचा पत्ताच बदलतो. प्रीमियर प्रो हे एडिटिंग सॉफ्टवेअर आपले प्रोजेक्ट मुळात डॉक्युमेंट्समध्येच ठेवतं, आणि घाईत कॉपी केलेलं हळदीचं फुटेज डेस्कटॉपवर असतं. मोफत जागा ५ जीबी. ती मिनिटांत भरते आणि नेट मात्र अपलोडमध्ये गुंतून पडतं. वनड्राइव्हच्या सेटिंगमध्ये फोल्डरचा बॅकअप थांबवा. थांबवल्यावरही फाइल वनड्राइव्हच्या फोल्डरात राहू शकतात, त्या तपासून हाताने परत आणा. तोवर काहीही डिलीट करू नका.

मराठी टायटलं

इंग्रजी ट्युटोरियलमध्ये याबद्दल काहीच सापडत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आपल्याकडचे जुने मराठी फॉन्ट, श्रीलिपीचे असोत की इतर, इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरं बसवून बनवलेले आहेत. नवीन विंडोजमध्ये तो फॉन्ट नसेल, तर "चि. सौ. कां." लिहिलेल्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. टायटल बिघडलेलं नसतं, त्यामुळे ते पुसून नव्याने टाइप करू नका. मूळ फॉन्ट टाकला की ते जसंच्या तसं परत येतं. जुन्या मशीनमधलं फॉन्टचं पूर्ण फोल्डर आधीच कॉपी करून ठेवा, आणि फॉन्टच्या सॉफ्टवेअरला डोंगल (मशीनला लावायची लायसन्सची किल्ली) लागत असेल तर त्याचा ड्रायव्हरही.

युनिकोड फॉन्टचं, म्हणजे मराठी अक्षरांना स्वतःचे कोड असलेल्या नव्या पद्धतीच्या फॉन्टचं, दुखणं वेगळं. नवीन इन्स्टॉलमध्ये सॉफ्टवेअरची प्रेफरन्सेस मूळपदावर येतात. प्रीमियर प्रोच्या अनेक आवृत्त्यांत ग्राफिक्सच्या प्रेफरन्सेसमध्ये "साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न" हे टेक्स्ट इंजिन निवडावं लागतं. ते निवडलेलं नसेल तर जोडाक्षरं फुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते. सेटिंग बदला, प्रोग्रॅम बंद करून उघडा आणि प्रत्येक टायटल वाचून पाहा. नवरीचं नाव चुकीचं छापलेला व्हिडिओ त्या घरात कायमचा राहतो.

टाइमलाइन अडखळू लागली तर

"अकरा स्लो आहे," असं म्हणून लोक पुन्हा फॉरमॅट मारतात. त्याआधी ग्राफिक्सचे ड्रायव्हर पाहा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये "मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॉप्टर" दिसत असेल, तर कार्ड बसवलेलं असूनही वापरलं जात नाहीये. कार्ड एनव्हिडियाचं असेल तर त्यांचा स्टुडिओ ड्रायव्हर टाका.

अनेक जण तिथेच थांबतात आणि मग १०-बिट ४:२:२ एच.२६५ फुटेज (रंगाची जास्त माहिती ठेवणारा कॅमेऱ्याचा फॉरमॅट) अडकतं. एनव्हिडियाची आरटीएक्स ५० मालिकेआधीची कार्डं हा फॉरमॅट हार्डवेअरवर उलगडू शकत नाहीत. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या डेस्कटॉप प्रोसेसरमधलं अंगभूत ग्राफिक्स मात्र ते काम करतं (नावात एफ असलेल्या प्रोसेसरमध्ये ते नसतं). म्हणजे इंटेलचा ग्राफिक्स ड्रायव्हरही टाकायलाच हवा. टीपीएम २.० (विंडोज ११ला लागणारी सुरक्षेची सोय) चालू करण्यासाठी बायोस, म्हणजे मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट केलं असेल, तर जुनी सेटिंग पुसली जाऊन अंगभूत ग्राफिक्स बंद झालेलं असू शकतं. रॅमचं एक्सएमपी प्रोफाइलही (रॅम पूर्ण वेगाने चालवणारं सेटिंग) असंच जातं. दोन्ही पुन्हा चालू करा.

बाकी थोडक्यात

विंडोज आणि एडिटिंग सॉफ्टवेअर एकाच दिवशी बदलू नका. नव्या आवृत्तीत सेव्ह झालेला प्रीमियर किंवा डाविंची रिझॉल्व्हचा प्रोजेक्ट जुन्या आवृत्तीत उघडत नाही, आणि बिघाड कशामुळे झाला तेही कळत नाही. रिझॉल्व्ह वापरत असाल तर प्रोजेक्ट डेटाबेसचा बॅकअप वेगळा काढा, कारण फुटेजचं फोल्डर कॉपी केल्याने प्रोजेक्ट येत नाहीत. जुन्या मशीनवरून लायसन्स आधी डीॲक्टिव्हेट करा.

मशीन ११ला चालेल का, हे पीसी हेल्थ चेक या मायक्रोसॉफ्टच्या मोफत ॲपने सांगितलं तरच पुढे जा. टीपीएमसारखी अट चुकवून जबरदस्तीने टाकलेल्या विंडोजला अपडेट मिळतीलच, याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही.

सगळं लावून झालं की नवीन काम घेण्याआधी एक जुना, पूर्ण झालेला प्रोजेक्ट उघडा. त्यातली टायटलं, स्लो मोशन आणि प्लगइन असलेली पाच मिनिटं एक्सपोर्ट करा आणि गेल्या वर्षीच्या व्हिडिओशेजारी लावून पाहा. जुनी एसएसडी मात्र त्यानंतरही पुसू नका. तिच्यावर सुरू झालेल्या शेवटच्या लग्नाचा पेन ड्राइव्ह त्या घरी पोचला आणि त्यांनी तो पाहिला, की मग ती दुसऱ्या कामाला घ्या.