पाइप आणि खिशातले चाकू: एका टेबलावर होणाऱ्या चुका टाळा

पाइपची वाटी, म्हणजे तंबाखू जळते तो भाग, चाकूच्या टोकाने खरवडणं ही पाइप आणि चाकू हे दोन्ही छंद असलेल्यांची सर्वांत महागात पडणारी सवय. चाकू हाताशी असतो, काजळी डोळ्यांसमोर असते, मोह आवरत नाही. पण पाइप बहुधा ज्याचा बनतो ते ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राकाठी वाढणाऱ्या एका झुडपाच्या मुळाची गाठ. ती कितीही चिवट असली तरी पोलादापुढे लाकूडच. अणकुचीदार टोक काजळीतून आरपार जाऊन लाकडाला ओरखडा पाडतं, मग विस्तव तिथेच धरतो आणि भिंत आतून जळत जाते. वाटीची एकच जागा हाताला चटका देऊ लागली की हेच झालंय असं समजावं. तळाशी टोक फिरवलं असेल तर धुराच्या भोकाखाली खळगा पडतो, त्यात ओल साठते आणि पाइप गुरगुरायला लागतो.

काजळी पूर्ण काढायचीही नसते. १ ते १.५ मिलिमीटरचा थर, म्हणजे साधारण एका नाण्याची जाडी, लाकडाला आगीपासून वाचवतो. त्याहून जाड थर तापल्यावर लाकडापेक्षा वेगळ्या वेगाने फुगतो आणि वाटीला चीर जाऊ शकते. जादा थर काढायला बोटाएवढ्या गोल काठीला २४० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळावा आणि हलक्या हाताने गोल फिरवावा. पाइप पूर्ण थंड हवा. तोंडातली नळी गरम पाइपमधून उपटली तर तिचं टोक मोडतं किंवा सांधा कायमचा सैल होतो. मीरशॉमच्या पाइपला थर राखण्याचा नियम लागू नाही. तुर्कस्तानातल्या एस्किशेहिरचा तो मऊ दगड, त्यात थर साचूच द्यायचा नसतो. प्रत्येक वेळी कागदाने पुसून घ्यावा, चाकू तर जवळही नेऊ नये.

चाकूचं काय होतं?

राख हवेतली ओल धरून ठेवते, तंबाखूचा चिकट रस पात्यावर डाग पाडतो. नाशिकच्या जुलै-ऑगस्टमध्ये साध्या कार्बन पोलादावर एका रात्रीत नारिंगी ठिपके येतात. इथे दोन रंगांत गल्लत करू नका. पेरू किंवा कैरी कापून पात्यावर येणारी निळसर-करडी झाक चांगली, ती पुढच्या गंजाला थोपवते. घासून चकचकीत करण्याचा अट्टाहास नको. नारिंगी-तांबूस पावडर हाताला लागत असेल तर तो गंज. तो तेल लावलेल्या ०००० नंबरच्या बारीक स्टील वूलने लगेच काढावा.

पातं उघडताना करकरत असेल तर सांध्यात राख गेली आहे. नुसतं तेल ओतलं की राखेचा लगदा होतो आणि तो सांधा झिजवत राहतो. आधी सांध्यावर कोमट साबणाचं पाणी सोडून जुन्या टूथब्रशने घासावं, पातं दहा-बारा वेळा उघडमीट करावं, पंख्याखाली पूर्ण वाळवावं, मगच एक थेंब तेल. मूठ लाकडाची, हाडाची किंवा शिंगाची असेल तर ती बुडवून ठेवू नये, आणि वाळवायला उन्हातही नको, तडकते.

तेल कोणतं, यावर घरोघरी एकच चूक होते: खोबरेल. ते साधारण २४ अंशांखाली थिजतं. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची रात्र १० अंशांच्या आसपास उतरते, निफाडकडे त्याहून खाली. मग सकाळी चाकू उघडत नाही आणि स्प्रिंगला दोष दिला जातो. खाण्याची इतर तेलं कालांतराने चिकट होतात. सांध्याला शिवणयंत्राचं तेल उत्तम. ज्या पात्याने फळं कापता, त्याला औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन लावा.

ओपिनेलसारख्या (हा फ्रेंच घडीचा चाकू) लाकडी मुठीच्या चाकूचं पातं पावसाळ्यात अडकतं, कारण लाकूड ओलीने फुगतं. पक्कड लावून ओढू नका. पातं अडकवून ठेवणारी कडी सोडवून मुठीचं मागचं टोक टेबलावर हलकेच आपटलं की पातं थोडं बाहेर येतं. कायमचा उपाय म्हणजे कोरड्या दिवसांत सांध्याजवळच्या लाकडाला जवसाचं तेल मुरवणं.

धार लावायला फिरत्या चाकाच्या धारवाल्याकडे जुना चाकू देऊ नका. कोरड्या चाकावर पातं तापतं, कडेला निळा रंग चढला की पोलादाचं पाणी उतरलं. ती कड पुन्हा धार धरत नाही. पाइप पेटवायच्या लायटरवर पातं धरून डाग जाळणं हीसुद्धा तीच चूक.

एका खणात ठेवू नका

जुन्या पाइपची काळी नळी बहुधा इबोनाइटची, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराची असते. तिच्यातून निघणाऱ्या गंधकाने शेजारची चांदी आणि पितळ काळवंडतं. उजेडात ती स्वतःही हिरवट-तपकिरी होते, म्हणून बंद, वेगळा डबा. जुन्या चाकूंच्या रंगीत, शिंपल्यासारख्या चमकणाऱ्या मुठी अनेकदा सेल्युलॉइडच्या, म्हणजे एका जुन्या प्लास्टिकच्या असतात. ते विघटित होताना आम्लाची वाफ सोडतं आणि त्याच डब्यातल्या बाकीच्या पात्यांना गंज चढवतं. मूठ घामेजली, भेगाळली किंवा कापरासारखा वास तीव्र झाला तर तो चाकू आधी बाजूला काढा. सेल्युलॉइड भडकन पेटतं, त्यामुळे पेटत्या काडीजवळ ते आणू नका आणि तसल्या चाकूच्या मुठीने विस्तव तर मुळीच दाबू नका. कातडी म्यानातही चाकू साठवू नये. कातडं ओल धरतं आणि पितळावर हिरवा कळंक आणतं. सुती कापड आणि सिलिका जेलची पुडी पुरे.

तंबाखू ओली, जीभ भाजलेली

पावसाळ्यात उघडी राहिलेली तंबाखू ओल पिते. ती जळताना वाफ होते, जीभ पोळते, पाइप सारखा विझतो आणि माणूस जोरजोरात ओढून तो आणखी तापवतो. चिमटीत दाबून सोडल्यावर तंबाखू हळूच उमलली पाहिजे. गोळाच राहिली तर कागदावर अर्धा ते एक तास पसरून ठेवा. एप्रिल-मेमध्ये उलट होतं, चुरा होतो. तेव्हा बरणीत बटाट्याची किंवा सफरचंदाची फोड टाकू नका, बुरशी येते. उकळून घेतलेला खापराचा स्वच्छ तुकडा वीस मिनिटं पाण्यात भिजवून, पुसून बरणीत ठेवा.

धूर छातीत न घेतल्याने पाइप निर्धोक होत नाही, तोंडाच्या कॅन्सरचा धोका राहतोच. जिभेवरचा व्रण किंवा पांढरा चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही तर तो पोळल्याचा समजू नका, डॉक्टरांना दाखवा.

आणि बाहेर पडताना चाकू घरी ठेवा. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली मनाई आदेश लागू असताना चाकू बाळगणंही गुन्हा ठरतं, मग तो संग्रहातला असला तरी. सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानबंदीचे नियम २ ऑक्टोबर २००८ पासून लागू आहेत आणि पाइप त्याला अपवाद नाही.