छतावर सोलर बसवताय? या चुका टाळा

सोलर घेणाऱ्यांचा पहिला प्रश्न अनुदानाचा असतो. ३ किलोवॅटला ७८ हजार मिळतात, हे आता शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण डिसेंबरात तुमच्या गच्चीवर सावली कुठवर येते, असं विचारलं की घरमालक बायकोकडे बघतो.

सगळ्यात महागात पडते ती ही सावली, आणि चूक होते उन्हाळ्यात. मेमध्ये बिल भडकतं, तेव्हाच लोकांना सोलर आठवतं आणि तेव्हाच एजंट टेप घेऊन वर येतो. मेच्या मध्याला पुण्या-मुंबईकडे भर दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर असतो. शून्य सावली दिवस म्हणतात तो हाच. त्या उन्हात कुठलीही गच्ची मोकळीच दिसणार! डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कललेला असतो आणि भर दुपारीही जवळजवळ वस्तूच्या उंचीएवढी सावली उत्तरेकडे पडते. सकाळ-संध्याकाळचं तर विचारूच नका.

साताऱ्याकडच्या एका काकांकडे गच्चीच्या दक्षिण कडेला पॅनेलपेक्षा आठ फूट उंच टाकी होती आणि तिच्यामागे चार फुटांवर पॅनेलची पहिली ओळ. बसवलं मेमध्ये. पावसाळ्यानंतर महिनाभर काका खुशीत होते, मग मार्गशीर्षात युनिट ढासळले. बसवणारा फोनवर "थंडीत ऊन कमीच असतं, काका" एवढंच म्हणत राहिला. मी वर जाऊन पाहिलं तर टाकीची सावली पहिल्या ओळीवर आडवी पसरलेली. काका म्हणाले, "अरे, दोनच तर पॅनेल झाकलीत." पण पॅनेल एकामागोमाग एक मालिकेत जोडलेली असतात, सगळ्यांतून करंट एकच वाहतो. दोन झाकली की बाकीच्यांनाही फटका बसतो. झाकलेल्या भागाला वळसा घालून करंट पुढे नेणारे आतले बायपास डायोड सावरतात, पण काही प्रमाणातच. पॅनेल हलवायचा खर्च ऐकून काकांनी कपाळाला हात लावला. शेवटी टाकीच उत्तरेच्या कोपऱ्यात नेली, प्लंबर स्वस्तात पडला.

मी स्वतः टाकी, जिन्याची खोली, शेजाऱ्याचा नारळ, दक्षिणेला जे काही असेल ते पॅनेलपेक्षा जेवढं उंच, त्याच्या दुप्पट जागा सोडतो. तेवढी नसेल तर ३ ऐवजी २ किलोवॅट बसवा म्हणतो. गिऱ्हाईक रुसतं. रुसू दे.

दुसरी तक्रार ठरलेली: "लाईट गेली आणि आमचं सोलरही बंद पडलं, फसवलं हो!" कुणी फसवलेलं नसतं. बॅटरीशिवायची ऑन-ग्रिड, म्हणजे बाहेरच्या लाईनला जोडलेली यंत्रणा लाईन गेली की मुद्दाम बंद होते. नाहीतर तुमच्या छतावरची वीज तारेत जाईल आणि खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल. रात्री तर अशा घरातही बाहेरच्या लाईनचीच, बहुतांशी चंद्रपूर-कोराडीसारखी कोळशावरची वीज येते. गावात लाईट सारखी जात असेल तर लाईन नसतानाही बॅटरीवर चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी घ्या, किंवा घरातला जुना इन्व्हर्टर तसाच राहू द्या. मी बहुतेकांना दुसरा मार्ग सांगतो. दिवे-पंख्यांसाठी लाखभराची बॅटरी कशाला?

बाकीच्या चुका थोडक्यात. एका महिन्याच्या बिलावरून किलोवॅट ठरवू नका, बारा महिन्यांची बिलं काढा. एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिट देतो, भागाकार घरीच करा. गरजेपेक्षा मोठं बसवून वीज विकून पैसे कमवायचे बेत सोडा, लाईनमध्ये सोडलेल्या विजेतून तुमचा वापर वजा जाऊन मार्चअखेर उरलेल्या युनिटला मिळणारा भाव फार कमी असतो.

अर्थिंग तीन, आणि वेगवेगळी: डीसी म्हणजे पॅनेलच्या बाजूचं, एसी म्हणजे घरच्या लाईनच्या बाजूचं आणि आभाळातल्या विजेपासून वाचवणाऱ्या वीजरोधकाचं. तिन्ही एकाच खड्ड्यात उरकणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. स्लॅबला भोकं पाडली तर वॉटरप्रूफिंग त्याच दिवशी.

पॅनेल भर दुपारी धुऊ नका, तापलेल्या काचेवर गार पाणी नको. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग निघता निघत नाहीत. सकाळी लवकर, साध्या पाण्याने, मऊ कापडाने पुसा. डिटर्जंट नको.

आणि वीजबिल अजून आजोबांच्या नावावर असेल तर अनुदानाचा अर्ज तिथेच अडकतो. अर्जावरचं आणि बिलावरचं नाव एकच लागतं. आधी नाव बदलून घ्या, मग कोटेशन मागवा.